'वामन परत न आला' : अज्ञात शोधयानाचा उगम, ताबा आणि शेवट

प्रस्तावना

परग्रहवासी हा विज्ञानसाहित्यातील जुना पाहुणा आहे. तथापि, वाचकाला अधिक काळ अस्वस्थ ठेवण्याचे काम त्याच्यापेक्षा त्याने पाठविलेल्या वस्तूंनी केले आहे. पाहुणा समोर आला की त्याचे रूप, त्याची भाषा, त्याचा हेतू यांविषयी लेखकाला काहीतरी सांगावेच लागते आणि सांगितले की गूढ ओसरते. वस्तू मात्र मुकी राहू शकते. ती कोणी केली, कशासाठी पाठविली, तिचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे न देताही कथा पुरी होते. १९६० मध्ये रोनाल्ड ब्रेसवेल या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात अशी कल्पना मांडली की, दूरस्थ प्रगत संस्कृतीला रेडिओसंदेश पाठवीत राहण्यापेक्षा एखादे स्वयंचलित शोधयान आपल्या सूर्यमालेकडे धाडणे अधिक सोयीचे वाटेल आणि असे यान येथे येऊन शांतपणे वाट पाहत बसलेले असू शकेल. कथाकारांना ही कल्पना त्याआधीच सुचली होती. आर्थर क्लार्क यांची 'द सेंटिनल' ही कथा १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत चंद्रावर सापडलेला पिरॅमिड माणसाला उघडता येत नाही. शेवटी अणुशक्ती वापरून तो फोडला जातो आणि तो फुटला हीच कोणासाठी तरी खूण ठरणार असते. पहारेकऱ्याचा मृत्यू हाच त्याचा निरोप, अशी ही योजना आहे.

याच क्लार्क यांनी १९७३ च्या 'रॉन्देव्हू विथ रामा' या कादंबरीत हा प्रकार परिपूर्णतेला नेला. ग्रीक व रोमन देवतांची नावे संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळले आणि म्हणून सूर्यमालेत शिरलेल्या पन्नास किलोमीटर लांबीच्या त्या दंडगोलाला 'राम' हे नाव मिळाले, असे कादंबरीत सांगितले आहे. भारतीय वाचकाला नावामुळे जवळीक वाटावी आणि तेवढ्यात कळावे की त्या नावाचा आशयाशी काही संबंध नाही, ही गंमत येथे आहे. हा राम मानवाकडे ढुंकूनही पाहत नाही. सूर्यापासून हवे ते घेतो आणि निघून जातो. माणसे आत शिरून फिरतात, नकाशे काढतात, बुधावरील वसाहत घाबरून त्याच्यावर बॉम्ब रोखते. रामाला त्याचे सोयरसुतक नसते. १९८९ पासून जेंट्री ली यांच्या सहकार्याने आलेल्या पुढील खंडांत यानाचा उगम आणि हेतू उलगडून सांगण्यात आला आणि मूळ कादंबरीचा दरारा तेवढ्या प्रमाणात कमी झाला. १९८६ च्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील चौथ्या चित्रपटात पृथ्वीवरील देवमाशांचा आवाज शोधीत आलेले यान कोठून आले हे चित्रपटात शेवटपर्यंत सांगितले जात नाही, आणि प्रेक्षकाचे त्यावाचून काही अडत नाही. उगम अंधारात आणि शेवट खुला, अशी या कथाप्रकाराची पाश्चात्त्य घडण स्थूलमानाने सांगता येईल.

मराठीत या विषयाची चर्चा फारशी झालेली नाही. त्याचे एक कारण असे की, मराठी समीक्षेने विज्ञानकथेकडे बहुधा विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहिले. कथेतील विज्ञान बिनचूक आहे काय, ते वाचकाला समजते काय, अंधश्रद्धेला त्यातून धक्का बसतो काय, या कसोट्या लावल्या गेल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविणारे जयंत विष्णू नारळीकर यांच्या बाबतीत तर ही दृष्टी अधिकच पक्की झाली. लेखक जगन्मान्य शास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांच्या कथेत 'विज्ञान काय आहे' एवढेच विचारले गेले आणि 'कथा काय म्हणते' हे विचारायचे राहून गेले. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाल्यानंतर प्रसिद्ध होणारे स्मरणलेखन साहजिकच गौरवपर असणार. त्या गौरवाला बाधा न आणता, त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीकडे अज्ञात शोधयानाची कथा म्हणून पाहावे आणि तिने कोणते प्रश्न हाती घेतले, कोणते बाजूला ठेवले याची तपासणी करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गौरीबिदनूरची पेटी

कादंबरीच्या केंद्रस्थानी एक घनाकृती पेटी आहे. कर्नाटकातील गौरीबिदनूरजवळ मूलभूत भौतिकशास्त्रातील एका प्रयोगासाठी खोदकाम चालू असताना ती सापडते. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ असे तिघे तिचा अर्थ लावू लागतात. पेटीतील सांकेतिक माहिती उकलत जाते, तिच्या आधारे अद्ययावत यंत्रे घडविली जातात आणि अखेर वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. पेटी ठेवून गेलेली अतिप्रगत संस्कृती नष्ट का झाली, हा प्रश्न या सर्व उद्योगाच्या मागे सावलीसारखा उभा आहे.

या कथासूत्राचे एक घराणे आहे आणि ते लपलेले नाही. नारळीकर हे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी होते. हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासमवेत लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका बीबीसीने १९६१ मध्ये प्रक्षेपित केली व पुढील वर्षी ती कादंबरीरूपाने आली. देवयानी दीर्घिकेकडून आलेल्या रेडिओसंदेशात संगणक बांधण्याच्या सूचना असतात. तो संगणक पुढे एक मानवसदृश जीव घडवितो. आपण चाकर घडविला की मालक, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडतो. सूचना, संगणक आणि प्राणी ही त्रिपदी दोन्हीकडे सारखी आहे. कार्ल सेगन यांच्या १९८५ च्या 'कॉन्टॅक्ट' मध्येही आकाशातून यंत्र बांधण्याचा आराखडा येतो. तेव्हा नारळीकरांनी कल्पना उसनी घेतली असे म्हणून समीक्षकाला मोकळे होता येईल. पण गुरूच्या कथेत शिष्याने काय बदलले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

बदलली आहे ती दिशा. गौरीबिदनूर हे नाव खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना डेकामीटर तरंगलांबीच्या रेडिओ दुर्बिणीमुळे परिचित आहे. म्हणजे आकाशाला कान लावून बसलेली ही जागा. हॉइल यांच्या रीतीने जायचे असते तर नारळीकरांना येथे दुर्बिणीतून संदेश मिळविणे अगदी सोपे होते. स्वतःच्या व्यवसायाच्या दृष्टीनेही ते नैसर्गिक ठरले असते. त्यांनी मात्र जमीन खणली. ज्या गावी कान वर लागलेले आहेत तेथे निरोप पायाखालून येतो. हा बदल केवळ स्थळाचा नाही. आकाशातून आलेल्या संदेशाचा पाठविणारा निदान कोठेतरी आहे, त्याला उत्तर पाठविता येईल, अशी आशा असते. जमिनीतून निघालेल्या वस्तूच्या पाठविणाऱ्याला उत्तर देता येत नाही. तो गेलेला आहे. साहजिकच 'हे कोठून आले?' या प्रश्नापेक्षा 'हे केव्हाचे आणि मागे का राहिले?' हा प्रश्न मोठा होतो, आणि तिघा नायकांत पुरातत्त्वज्ञाला मानाचे स्थान मिळते. हॉइल यांच्या कथेत पुरातत्त्वज्ञाला काही कामच नसते.

मराठी मनाला खणून काढलेली वस्तू अनोळखी नाही. नांगराच्या फाळाला मूर्ती लागली, गाय एकाच जागी पान्हा सोडू लागली म्हणून खणले तर पिंडी निघाली, देवाने स्वप्नात येऊन आपली जागा सांगितली, अशा कथा गावोगाव सांगितल्या जातात. अशा देवाला 'स्वयंभू' म्हणतात. हा शब्द नीट पाहिला तर उगमाचा प्रश्नच तो मिटवून टाकतो. जो स्वतःच झाला त्याला कोणी घडविले हे विचारण्यात अर्थ नाही. पुढचेही ठरलेले असते: शेंदूर, पार, मंदिर, उत्सव. म्हणजे सापडलेल्या गूढ वस्तूचा उगम आणि शेवट या दोहोंची सोय लोकपरंपरेने आधीच करून ठेवली आहे. नारळीकरांनी या सवयीला सरळ छेद दिला. त्यांच्या पेटीला कोणी शेंदूर लावीत नाही. तिला 'स्वयंभू' म्हणण्याचा मोह नाकारून ती कोणाची, तिच्यावरील खुणांचा अर्थ काय, ती बंद का केली होती, हे विचारले जाते. विज्ञानप्रसाराच्या अंगाने पाहणाऱ्यांनी खरे तर येथे थांबायला हवे होते. अमुक सिद्धांत सोपा करून सांगण्यापेक्षा ही कृती फार मोठी आहे. कारण ती वाचकाच्या हातून नारळ काढून घेते आणि त्याला प्रश्न देते.

मात्र उत्तराच्या बाबतीत नारळीकर क्लार्कच्या वाटेने गेले नाहीत. त्यांची पेटी अखेर बोलते. तिच्यात ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाने कर्त्यांचे काय केले याची हकीकतही आहे. येथे शोधयानाचे रूपांतर मृत्युपत्रात होते. मृत्युपत्राची अडचण अशी की, वारसदार आधी संपत्ती वाचतात आणि अटी मागाहून. कादंबरीतील उत्कंठा बव्हंशी या क्रमावर उभी आहे आणि ती चांगली साधली आहे. दोष कोठे जाणवत असेल तर तो पेटीच्या अतिस्पष्टपणात. परकीय संस्कृतीने ठेवलेली वस्तू आपल्याला इतकी पूर्णपणे कळावी, तिची भीती आपल्या भीतीसारखीच असावी, हे जरा सोयीचे वाटते. स्तानिस्लाव्ह लेम यांनी 'सोलारिस' (१९६१) पासून सातत्याने असे सुचविले होते की, खऱ्याखुऱ्या परक्याशी गाठ पडली तर माणसाला स्वतःचेच प्रतिबिंब दिसत राहील. नारळीकरांच्या पेटीतील लोक परके वाटत नाहीत. ते आपले पूर्वज वाटतात, किंवा आपलेच पुढचे वंशज.

वामन आणि बळी

यंत्रमानवाला 'वामन' हे नाव देणे ही कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण आणि तरीही सर्वांत कमी चर्चिलेली गोष्ट आहे. पुराणातील वामन लहान बटूच्या रूपाने येतो, तीन पावले भूमी मागतो आणि दोन पावलांत सर्व व्यापून तिसरे बळीच्या मस्तकावर ठेवतो. सेवेसाठी घडविलेले यंत्र धन्याच्या डोक्यावर पाय देईल, हा इशारा या नावातून वाचकाला फारसे स्पष्टीकरण न देता मिळतो. यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रे हवीत, ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या स्वप्रतिकृती घडविणाऱ्या यंत्रांच्या गणितापर्यंत मागे जाते. १९८० मध्ये फ्रँक टिपलर यांनी तिच्याच आधारे युक्तिवाद केला होता की, अशी शोधयाने शक्य असतील आणि परग्रहावर बुद्धिमान जीव असतील, तर त्यांची प्रजा एव्हाना सर्व आकाशगंगेत पसरलेली दिसली असती. ती दिसत नाही, म्हणून ते जीव नाहीत. एकापासून दोन, दोनांपासून चार अशी विश्व व्यापणारी ही वाढ सांगण्यास तीन पावलांच्या कथेइतके नेमके रूपक दुसरे सापडले नसते.

तथापि, महाराष्ट्रात वामनाची कथा एकाच बाजूने सांगितली जात नाही. दिवाळीच्या पाडव्याला, बलिप्रतिपदेला, घरोघरी ओवाळताना मागणी केली जाते ती बळीच्या राज्याची. पाताळात घातलेला राजा परत यावा, असे मागणारा समाज वामनाच्या बाजूचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी' त या लोकस्मृतीला इतिहासाचे रूप दिले. त्यांच्या मांडणीत वामन हा बाहेरून आलेल्या आक्रमकांचा म्होरक्या आहे आणि बळी हा येथला प्रजाहितदक्ष राजा. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही त्याच्या राज्यकारभारातील अधिकाऱ्यांची नावे. फुल्यांचे व्युत्पत्तिशास्त्र आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. पण बाहेरून आलेला, लहानसे काही मागणारा आणि मग सर्व बळकावणारा, असा वामन त्यांच्यानंतर मराठी वाचकाच्या मनातून पुसता येत नाही. परग्रहावरील शोधयानाच्या कथेला याहून जवळचे देशी रूपक मिळणे कठीण.

असे असूनही नारळीकरांनी वामनाची फक्त पहिली, पौराणिक बाजू घेतली. त्यांचा वामन धोकादायक आहे, पण त्याच्या समोर बळी उभा नाही. ज्याच्याकडून भूमी मागितली जाते तो कोण, हे कादंबरी विचारीत नाही. पर्यायाने 'मानवजात' असा एकसंध, निराकार बळी गृहीत धरला जातो. शास्त्रज्ञ, सुरक्षायंत्रणा आणि वस्तूवर डोळा ठेवणारे गुन्हेगार एवढ्यांत कथानक फिरते. यंत्रांमुळे ज्यांच्या हातचे काम जाईल, ज्यांच्या शिवारात खड्डा खणला गेला, त्यांचा आवाज ऐकू येत नाही. हा लेखकाच्या सहानुभूतीचा अभाव नसून कथाप्रकाराची मर्यादा आहे असे कोणी म्हणेल, आणि ते अंशतः खरेही आहे. पण नाव निवडले ते लेखकाने, आणि नावाबरोबर इतिहास येतो.

शीर्षकाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. मराठी शीर्षक 'वामन परत न आला' असे आहे. इंग्रजीत हीच कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने आली आणि २०१५ मध्ये श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेच्या विज्ञान-कादंबऱ्यांच्या मालिकेत ती पुन्हा प्रसिद्ध झाली. एका भाषेत वामन परत येत नाही, दुसऱ्या भाषेत येतो! इंग्रजी शीर्षक त्या भाषेतील रहस्यकथांच्या रिवाजाला धरून आहे; संकट पुन्हा उभे राहिले, असे ते सांगते. मराठी शीर्षकात संकट टळल्याचा सुटकेचा निःश्वास आहे. पण बळीच्या परतीची वाट पाहणाऱ्या समाजाला 'वामन परत न आला' हे वाक्य ऐकविले की त्यातून आणखी एक अर्थ निघतो: वामन परत येण्याचे कारणच काय, त्याला हवे ते तर पहिल्याच फेरीत मिळाले होते. हा अर्थ लेखकाला अभिप्रेत होता असे कादंबरीतून दिसत नाही. तरी तो मराठी शीर्षकातच संभवतो, भाषांतरात संभवत नाही.

ताबा कोणाचा?

उगम आणि शेवट यांच्या मध्ये ताब्याचा प्रश्न असतो. वस्तू सापडल्यापासून तिचा निकाल लागेपर्यंत ती कोणाच्या हाती होती आणि कोणत्या अधिकाराने? 'वामन' मध्ये हा प्रश्न सुरक्षेचा प्रश्न म्हणून येतो. हक्काचा म्हणून येत नाही. पेटी शासकीय प्रयोगाच्या आवारात सापडते, म्हणून ती शासनाची आणि शास्त्रज्ञांची, हे कोणालाही खटकत नाही. पेटी दुसरीकडे सापडली असती तर?

मुळशी तालुक्यातील रिहे हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. भातखाचराच्या कडेला विहीर खणताना तेथे एखाद्या शेतकऱ्याच्या पहारीला अशीच धातूची पेटी लागली, असे समजू. आधी पोलीस पाटील येईल, मग पंचनामा होईल, कागद पौडच्या तहसील कार्यालयात जातील. लागू होईल तो १८७८ चा निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. शंभर वर्षांच्या आत ती कोणी पुरली होती काय, याची चौकशी होते. कोणी दावेदार न निघाल्यास आणि शोधणारा व जमीनमालक वेगळे असून त्यांच्यात निराळा करार नसल्यास तीनचतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. शासनाला वस्तू हवी असेल तर किंमत अधिक तिचा एकपंचमांश देऊन ती घेता येते. परग्रहावरील ज्ञानाची किंमत कशी ठरवावी आणि तिच्यावर एकपंचमांश किती, हा हिशेब करणारे कथानक मराठीत अद्याप लिहिले गेलेले नाही. ते विनोदी होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या तालुक्यात जमिनीच्या व्यवहारांनी गेल्या काही दशकांत घरेच्या घरे उलथीपालथी झाली, ज्याच्या एका टोकाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान नगर उभे राहिले, आणि ज्याच्या नावाने २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट निघाला, तेथे ते केवळ विनोदी राहणार नाही.

या तालुक्याला बाहेरून आलेल्या प्रचंड यंत्राचा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच आला आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा-नीला संगमावर धरण बांधण्याचे ठरले, वीज मुंबईस जाणार होती आणि जमिनी मावळ्यांच्या बुडणार होत्या. १९२१ ते १९२४ या काळात झालेल्या मुळशी सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केले. धरण झालेच. विज्ञानकथेच्या परिभाषेत सांगायचे तर ही अशी भेट होती जीत येणाऱ्याचा उगम आणि हेतू दोन्ही पूर्ण माहीत होते. माहीत असल्याचा उपयोग झाला नाही. रामाने माणसाकडे दुर्लक्ष केले तेव्हा क्लार्कच्या वाचकाला विश्वाच्या भव्यतेची जाणीव झाली. दुर्लक्षिल्या जाण्याचा असा उदात्त अनुभव मावळातील कुळांना घेता आला नसावा.

ताब्याचा प्रश्न विज्ञानकथेत कोणी हाताळलाच नाही, असे मात्र नाही. अर्कादी व बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन बंधूंच्या १९७२ च्या 'रोडसाइड पिकनिक' मध्ये परकीय येऊन गेल्यावर मागे उरलेल्या वस्तूंचा टापू शासनाने बंद केलेला असतो, संशोधनसंस्था तेथे काम करीत असते आणि गावातील माणसे रात्री चोरून आत शिरून वस्तू विकतात. कादंबरीचा नायक शास्त्रज्ञ नसून असा चोरटा आहे. नारळीकरांच्या कादंबरीतही पेटीतील ज्ञानावर डोळा असलेले लोक आहेत, पण ते बाहेरचे खलनायक आहेत. स्त्रुगात्स्की बंधूंनी त्याच माणसाला घर, आजारी मूल आणि उपजीविका दिली. दोन्ही कादंबऱ्यांत हे अंतर फार मोठे आहे. मराठीत ग्रामीण आणि दलित साहित्याने ज्या माणसाला १९६० नंतर कथेच्या मध्यभागी आणले, त्याची आणि विज्ञानकथेची गाठ त्या काळात क्वचितच पडली. एकाच दिवाळी अंकात दोन्ही प्रकारच्या कथा शेजारीशेजारी छापल्या जात, हे लक्षात घेता ही गोष्ट नवलाची आहे.

प्रत्यक्षात काय घडते याचे उदाहरणही आता महाराष्ट्राजवळ आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातील अनेक गावांतून आकाशात जळत जाणाऱ्या ज्वाळांची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले आणि परिसरात धातूचे गोळेही मिळाले. उल्का, उपग्रह, उडती तबकडी असे तर्क झाले. पुढे ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी येऊन गेले. दरम्यान ते कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवले होते. मुद्देमाल म्हणून! १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू तिच्या प्रक्षेपक राष्ट्राने मागितल्यास परत करावी लागते. प्रक्षेपक राष्ट्रच नसलेल्या वस्तूचे काय करावे, याबाबत करार अर्थातच मौन बाळगतो. लाडबोरीच्या कड्यात ना ज्ञान होते ना इशारा. परंतु गूढ वस्तू प्रथम कोणाच्या अंगणात पडते, कोण तिला हात लावतो, कोण तिचे नाव ठरवितो आणि ती कोणत्या खोलीत कुलूपबंद होते, याचा एवढा नेमका क्रम मराठी विज्ञानकथेला आयता क्वचितच मिळाला असेल.

पाठविणाऱ्याच्या बाजूने

आतापर्यंतची चर्चा वस्तू ज्यांना सापडते त्यांच्या बाजूने झाली. मराठी भाषक मात्र एका शोधयानाच्या बाबतीत पाठविणाऱ्यांच्या बाजूला आहेत. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी बसविली आहे. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. भारतीय संगीताचा एकमेव नमुना आहे तो केसरबाई केरकर यांच्या भैरवीचा. गोव्यातील केरी येथे १८९२ मध्ये जन्मलेल्या, आणि ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या या गायिकेचा आवाज त्यामुळे पृथ्वीवरील सर्वांत दूर गेलेल्या वस्तूवर आहे. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

'वामन' मधील पेटीशेजारी ही तबकडी ठेवून पाहावी. तबकडीच्या आवरणावर तीही सूचना देते: ती कशी वाजवावी, आणि चौदा स्पंदक ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्य कोठे आहे. काळ मोजता यावा म्हणून युरेनियमचा सूक्ष्म थर दिला आहे. म्हणजे उगम आणि वय या दोन्ही गोष्टी पाठविणाऱ्यांनी होऊन सांगितल्या आहेत. ज्याच्या हाती ती पडेल त्याला काही बांधता येईल, असे मात्र तीत काही नाही. यंत्राचा आराखडा नाही, शक्तीचे सूत्र नाही, सेवकही नाही. नारळीकरांच्या लुप्त संस्कृतीने आपले सामर्थ्य जपून ठेवले आणि त्यासोबत त्याचे भय. व्हॉयेजरची तबकडी तयार करणाऱ्या सेगन यांच्या मंडळाने बाख, जावाचा गमेलान आणि भैरवी यांची निवड केली. तबकडी ज्याला सापडेल त्याच्यावर तिचा ताबा कोणी सांगणार नाही, कारण सांगायला कोणी उरलेले नसेल. चाळीस हजार वर्षांनी व्हॉयेजर-१ ज्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जाईल तोही दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतरावर असेल.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. ते परत येणार नाही. १९७९ च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात व्हॉयेजर मालिकेतील एक काल्पनिक यान कोणा परक्याच्या हाती पडून, अजस्र होऊन, आपल्या कर्त्याला शोधीत पृथ्वीकडे येते. तेथे उगमाचे कोडे सुटते ते धूळ झटकून नावाची पुसलेली अक्षरे वाचल्यावर. मराठी विज्ञानकथेत अद्याप कोणी तबकडी परत आणलेली नाही. आणलीच, तर ती गौरीबिदनूरला उतरवायची की केरीला, हे लेखकाला ठरवावे लागेल.